नेहमीचे प्रश्न, जमतील तशी उत्तरं

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला वाचक भेटले की प्रश्न साधारण तेच असतात. त्यात गैर काही नाही. विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो, कंटाळलेला असतो तो उत्तर देणारा. म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांवर मला खरंच बोलायचं होतं त्यांची उत्तरं लांबली आहेत. बाकीची एकदोन ओळींत आटोपली आहेत.

लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळते?

हा प्रश्न पहिला येतोच. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा लखलखीत क्षण असतो, ज्यात अख्खी कादंबरी डोळ्यांपुढे उभी राहते. माझ्या बाबतीत तसं काही घडत नाही. काहीतरी खटकतं आणि ते खटकणं जाता जात नाही, एवढंच माझं भांडवल.

एकदा बँकेत रांगेत उभी होते. शेजारच्या टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ मुलाकडून फॉर्म भरून घेत होते. ते सांगत होते, मुलगा लिहीत होता. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर झालं. नामनिर्देशनाचा रकाना आला तसे ते थांबले. मुलाने न विचारताच लिहायला सुरुवात केली होती. स्वतःचंच नाव असणार. तेवढ्यात वडिलांनी एका बाईचं नाव सांगितलं. मुलाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. लिहिलेलं अक्षर खोडलं, खाडाखोडीशेजारी वडिलांची सही घेतली आणि ते नाव नीट, सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

ती बाई कोण, याचं मला फारसं कुतूहल नव्हतं. बहीण असेल, सून असेल, आणखी कोणी असेल. मी अडकले ते मुलापाशी. घरी जाताना ते दोघं काय बोलले असतील? की काहीच बोलले नसतील? आणि न बोलता माणसं किती वर्षं एका घरात काढू शकतात? तिथेच चौकशी केली असती तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता आणि लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. पुढे त्या प्रसंगातलं जवळपास काहीच कादंबरीत आलं नाही. बँक नाही, फॉर्म नाही. राहिला तो फक्त न विचारणारा मुलगा.

मात्र असं खटकणं कादंबरी सुरू करून देतं, पुरी करून देत नाही. मधल्या काळात माणूस टिकतो तो बऱ्याचदा अगदी व्यावहारिक कारणांनी. दस्तयेव्हस्कीचंच पाहा. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन एक पैसाही न देता छापायचा हक्क प्रकाशकाला मिळेल, असा करार तो करून बसला होता. ऑक्टोबर उजाडला तरी हातात काही नव्हतं. शेवटी लघुलेखन जाणणाऱ्या एका तरुणीला बोलावून त्याने सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ तोंडी सांगून पुरी केली. (पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं, पण ती वेगळी कादंबरी.) या सगळ्यात प्रेरणा कोणती म्हणायची? कर्ज, मुदत आणि समोर पेन्सिल धरून बसलेलं माणूस. मला यात काही कमीपणा वाटत नाही. जुगाराचं वेड त्याला आतून ठाऊक होतं, ते आधीपासून साठलेलं होतंच. मुदतीने फक्त दार उघडलं.

म्हणजे सुचलं की लिहायला बसता, की बसल्यावर सुचतं?

बसल्यावर. निदान कादंबरीच्या बाबतीत तरी.

इथे दोन लेखकांची आठवण होते. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द अशा हिशेबाने लिहायचा. मग कचेरी. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. हे सगळं त्याने आत्मचरित्रात सांगून टाकलं. ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं आणि बऱ्याच रसिकांची मनं दुखावली. कलावंत घड्याळ लावून लिहितो, हे लोकांना आवडत नाही.

दुसरा काफ्का. तो विमा संस्थेत काम करायचा आणि रात्री लिहायचा. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला बसला तो सकाळी सहापर्यंत एका बैठकीत ‘निकाल’ ही कथा लिहून उठला. लिहायचं तर असंच, असं त्याने डायरीत नोंदवलं. लोकांना हीच गोष्ट जास्त भावते, आणि भावावी अशीच ती आहे. फक्त एक बारीकसा तपशील सांगायचा राहून जातो. ती कथा होती. काफ्काने तीन कादंबऱ्या हाती घेतल्या आणि तिन्ही अपुऱ्या राहिल्या. त्यामागे आजारपण होतं, स्वभाव होता, इतरही बरंच काही होतं. एवढ्यावरून मी सिद्धान्त मांडणार नाही. पण एका रात्रीच्या झपाटलेपणावर कथा होऊ शकते, कादंबरीला वर्षं लागतात, आणि वर्षानुवर्षं रोज कोणी झपाटलेलं राहत नाही. त्या मधल्या साध्यासुध्या दिवसांचं काय करायचं, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. मी ट्रोलपच्या बाजूची. घड्याळ तेवढं समोर ठेवत नाही.

तुमचा दिवस कसा असतो?

बाहेरून पाहणाऱ्याला अगदीच कंटाळवाणा वाटेल असा. मी हिशेबाची नोकरी करते, त्यामुळे लिहायचा वेळ पहाटेचा. घर जागं व्हायच्या आधी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. उताणा, पालथा, आवाज बंद करून, हे सगळे प्रकार करून झाले, पण तो त्याच खोलीत असला की अर्धं लक्ष तिकडे जातंच.

बसल्यावर आधी आदल्या दिवशीचं शेवटचं पान मोठ्याने वाचते. मोठ्याने म्हणजे खरोखर आवाज काढून, भले कुजबुजत का होईना. डोळे चुकार असतात, आपलंच लेखन वाचताना ते सराईतपणे पुढे सरकतात. जीभ तशी फसत नाही. वाक्य जिथे लांबलं, जिथे दोन ‘आणि’ एकमेकांना आपटले, जिथे म्हातारीच्या तोंडी माझे शब्द आले, तिथे ती बरोबर अडखळते. तेवढं दुरुस्त करते आणि त्याच ओघात पुढचं वाक्य येतं. कोऱ्या पानाला सामोरं जायची वेळच येऊ द्यायची नाही, ही खरी युक्ती.

थांबण्याचीही एक रीत आहे. ती हेमिंग्वेने सांगितली म्हणून प्रसिद्ध झाली: पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबायचं. मला हे पाळणं फार जड जातं. प्रसंग रंगात आलेला असतो, घड्याळ नोकरीची वेळ दाखवत असतं, आणि वाटतं अजून पाच मिनिटं. पण उठावं लागतं आणि तेच पथ्यावर पडतं. दिवसभर जमाखर्चाच्या नोंदी करताना तो अर्धवट सोडलेला प्रसंग डोक्याच्या कोपऱ्यात चालूच असतो. नोकरी लेखनाच्या आड येते का, असं पुष्कळजण सहानुभूतीने विचारतात. वेळ खाते, हे खरं. पण माणसं पैशांविषयी कशी खोटं बोलतात, कोणत्या खर्चाला कोणतं नाव देतात, हे मला घरी बसून कधीच कळलं नसतं.

संध्याकाळी लिहीत नाही, वाचते. सुटीच्या दिवशी पुनर्लेखन.

रोज किती लिहून होतं?

चांगल्या दिवशी दोन पानं, वाईट दिवशी एक परिच्छेद. वाईट दिवसांची संख्या जास्त असते.

आधी पूर्ण आराखडा तयार असतो का?

नाही. सुरुवात माहीत असते आणि शेवटाच्या आसपासचा एखादा प्रसंग दिसत असतो. मधलं सगळं लिहिता लिहिता सापडतं. आराखडा करून लिहिणारे उत्तम लेखक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मला मात्र पुढचं सगळं आधी कळलं तर लिहिण्यातला जीवच जातो.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या दिवसापासून करते, ती म्हणजे वयांचा तक्ता. आडव्या ओळीत वर्षं, उभ्या ओळीत पात्रं, प्रत्येक चौकटीत त्या वर्षी त्याचं वय. काम रुक्ष आहे, पण कादंबरीतल्या किती तरी गोष्टी त्यातूनच निघतात. थोरला भाऊ नोकरीला लागला तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती, हे तक्त्यात दिसलं की एकदम कळतं, तिला तो भाऊ म्हणून आठवणारच नाही, सुटीत येणारा पाहुणा म्हणून आठवेल. मग त्यांच्यातलं सगळं बोलणंच बदलतं.

अडलं की काय करता?

अडण्याचे सगळे प्रकार एकाच नावाखाली ढकलले जातात म्हणून त्यावर उपाय सापडत नाही, असं माझं मत आहे.

कधी नुसता थकवा असतो. त्यावर झोप हाच उपाय, त्यात साहित्यिक काही नाही.

कधी आपल्याला पुरेशी माहिती नसते. पात्र घड्याळं दुरुस्त करतं आणि आपण घड्याळ कधी उघडून पाहिलेलं नाही, तर पात्र दुकानात बसल्यावर करणार काय? ते खिडकीबाहेर बघत राहतं. माझ्या खर्ड्यात पात्रं फार वेळ खिडकीबाहेर बघायला लागली की समजायचं, मला त्यांच्या कामाची माहिती नाही. अशा वेळी लिहिणं बंद करून त्या कामातल्या माणसाला गाठायचं, आणि ‘तुमच्या कामाबद्दल सांगा’ असं न म्हणता ‘आज सकाळपासून काय काय केलंत’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला भाषण मिळतं, दुसऱ्याला तपशील.

सर्वांत चिवट अडचण वेगळीच असते. पुढे काय लिहायचं हे नीट ठाऊक असतं, पण ते लिहायची भीती वाटते. तो प्रसंग लिहिला तर एखाद्या पात्राविषयी, म्हणजे पर्यायाने आपल्याविषयी, काहीतरी नको असलेलं कबूल करावं लागणार असतं. मग आपण आजूबाजूची वर्णनं करत राहतो. पाऊस पडतो. दिवे लागतात. अशा वेळी मी तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून लिहून पाहते, ज्याला त्यातलं काही लपवायचं नाही अशाच्या. तो मजकूर बहुधा कादंबरीत जात नाही, पण लपवलेलं काय होतं ते उघडं पडतं.

आणि एक अनुभव असा की गाडी जिथे थांबलेली दिसते तिथे बिघाड नसतोच. तो तीनचार पानं मागे असतो. कुणीतरी पटकन माफ केलेलं असतं, कुणाला तरी पत्र योगायोगाने सापडलेलं असतं. ती पानं काढून टाकायला मन धजत नाही, म्हणून आपण ‘सुचत नाही’ असं म्हणतो.

पुन्हा पुन्हा लिहिता म्हणजे नेमकं काय बदलता?

उदाहरणच देते. वडील गेल्यानंतर उशिराने घरी पोचलेला भाऊ आणि दार उघडणारी बहीण. पहिल्या खर्ड्यात असं होतं:

‘दारात उभ्या भावाला पाहताच तिच्या मनात संताप, दुःख आणि अपराधीपणा यांचं काहूर माजलं. “आत्ता आलास?” ती हुंदका देत म्हणाली. “मला उशिरा कळलं गं,” तो खजील होऊन म्हणाला.’

बऱ्याच फेऱ्यांनंतर ते असं झालं:

‘तिने दार उघडलं. त्याने बूट काढले, कुठे ठेवायचे ते दोन्हीकडे पाहिलं आणि भिंतीला लावून ठेवले. “जेवलायस?” “गाडीत झालं.” “बरं.” ती आत वळली आणि जाता जाता वडिलांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.’

पहिल्यात तीन भावनांची नावं आहेत आणि एकही भावना नाही. वाचकाला काही करायला ठेवलेलंच नाही. सगळं चावून भरवलेलं. दुसऱ्यात बूट आहेत. स्वतःच्याच घरात बूट कुठे ठेवायचे हे ज्याला शोधावं लागतं, तो किती वर्षांनी आला असेल, हे वाचक आपलं आपण मोजतो. खोलीचं दार तिने का ओढलं, यावर तर वाचकांमध्ये एकमत नाही. काहींना वाटतं तिने भावाला दूर ठेवलं, काहींना वाटतं त्याला सांभाळून घेतलं. मी लिहिताना पहिला अर्थ धरला होता. आता मलाही खात्री नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

हेमिंग्वेने एका मुलाखतीत सांगितलं होतं की एका कादंबरीचं शेवटचं पान त्याने एकोणचाळीस वेळा लिहिलं. अडचण काय होती, असं विचारल्यावर त्याचं उत्तर एवढंच की शब्द बरोबर बसत नव्हते. बाहेरच्याला हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल. ते अगदी काटेकोर उत्तर आहे.

हाताने लिहिता की संगणकावर?

पहिला खर्डा हाताने, पुढचं संगणकावर. हाताने लिहिलेलं वाईट दिसतं, म्हणून ते बदलायला संकोच वाटत नाही. छापील अक्षरात कच्चं वाक्यही पक्कं झाल्यासारखं दिसतं. बाकी यामागे तत्त्वज्ञान नाही.

पात्रं खऱ्या माणसांवरून घेता का? मी आहे का त्यात?

नाही आहात. किंवा असाल तर तुम्हाला सापडणार नाही.

नातेवाईक पुस्तक हातात पडताच स्वतःला शोधतात आणि हमखास चुकीच्या पात्रात शोधतात. मिशा आहेत म्हणून तो मीच, इतकं ते सोपं असतं. प्रत्यक्षात एकाची चालण्याची ढब, दुसऱ्याचं हट्टाने खरं बोलणं, तिसऱ्याच्या घरातली खुर्ची असं काहीबाही एकत्र येतं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा लेखकाच्या स्वतःच्या दुर्गुणांचा असतो. माझ्या कादंबऱ्यांतली कंजूष माणसं कुणावरून घेतली, हे मला कुणी विचारत नाही याचं बरं वाटतं.

एक नियम मात्र पाळते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट वापरत नाही, नाव बदलूनही नाही, सांगणारी व्यक्ती हयात नसली तरी नाही. यावरून लेखकमित्रांशी वाद होतात. चांगल्या कादंबरीपुढे असल्या गोष्टींची पर्वा करू नये, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांच्याशी मी जपून बोलते.

लिहिताना वाचक डोळ्यांसमोर असतो का?

पहिल्या खर्ड्याच्या वेळी नसतो, नसावाच. तेव्हा वाचक आला की माणूस शहाण्यासारखं लिहायला लागतो. दुसऱ्या खर्ड्यापासून मात्र एक वाचक समोर बसवते. हुशार, थोडा अधीर, माझ्याविषयी अजिबात प्रेम नसलेला. त्याला एखादी गोष्ट दोनदा सांगितली की तो पान उलटतो.

खर्डा पुरा झाला की दोन विश्वासू माणसांना देते. त्यांना ‘कशी वाटली’ असं विचारत नाही, कारण त्यावर ‘छान’ याखेरीज काय उत्तर येणार? हातात पेन्सिल देते आणि तीनच खुणा करायला सांगते: कंटाळा आला तिथे रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, खरं वाटलं नाही तिथे फुली. कारण लिहायचं नाही, उपाय सुचवायचा नाही. वाचकाचं दुखणं जवळजवळ नेहमी खरं असतं; त्याने सुचवलेलं औषध मात्र क्वचितच लागू पडतं.

वाचकांच्या आग्रहाने कथानक बदलावं का?

एकेकाळी हा रोजचाच प्रश्न होता. डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक किंवा साप्ताहिक हप्त्यांत यायच्या. मराठीतही हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून अशाच हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आल्या. पुढचा भाग लिहून व्हायचा असतानाच मागच्या भागावर लोक बोलत असत. आजच्या लेखकाला वाटतं, वाचक आपल्या फार जवळ आलेत. त्या काळचा वाचक तर लेखणी आणि कागद यांच्या मधेच बसलेला असे.

कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली पाडलं, कारण त्याला त्या पात्राचा कंटाळा आला होता. वाचक खवळले, अंकाची वर्गणी बंद करणारेही निघाले. अखेर १९०३ मध्ये त्याने होम्स वाचलाच होता, असं लिहून त्याला परत आणलं. पैशाचा भागही त्यात होताच. पण मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पात्र जन्माला घालणाऱ्याला त्याचा कंटाळा आला तरी ते वाचकांच्या मनात जिवंत राहू शकतं. म्हणजे त्याची मालकी तोवर वाटली गेलेली असते.

डिकन्सची गोष्ट अधिक अवघड. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा मूळ शेवट उदास होता. एका कादंबरीकार मित्राने प्रूफं वाचून तो बदलायला सांगितला, डिकन्सने ऐकलं, आणि १८६१ मध्ये कादंबरी बदललेल्या शेवटासह आली. कोणता शेवट चांगला यावर अजून वाद चालू आहे. मला मूळचा पटतो. तरीही डिकन्सला नावं ठेवणार नाही. ज्याच्या मताची किंमत आपण जाणतो अशा एकाचं ऐकणं आणि गर्दीचं ऐकणं यांत फरक आहे.

माझ्यापुरतं उत्तर: छापून येण्याआधी सगळं ऐकते, छापून आल्यावर काहीही बदलत नाही.

वाचकांच्या पत्रांना, मेलना उत्तर देता?

देते. उशिरा देते, पण देते. फक्त सही मागणाऱ्यांना सही, भांडणाऱ्यांना आभार, आणि प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर.

लक्षात राहणारी पत्रं कौतुकाची नसतात. कौतुक दोन दिवस पुरतं. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या आईची दृष्टी गेली आहे, म्हणून रोज एक प्रकरण त्या वाचून दाखवत होत्या. प्रत्येक प्रकरण संपलं की आई पुढे काय होणार ते सांगायची आणि दर वेळी तिचा अंदाज चुकायचा. पण चुकल्यावर आई स्वतःला नव्हे, मला दोष द्यायची. ‘हिला ते माणूसच कळलेलं नाही,’ असं तिचं म्हणणं. शेवटी तिने कादंबरीचा स्वतःचा शेवट मुलीला सांगून लिहून घेतला आणि तो पत्रासोबत जोडला होता. त्या शेवटात माझ्या नायकाने पूर्ण कादंबरीभर टाळलेली एक भेट घेतली होती. भेटीत तो काय बोलतो, तेही लिहिलं होतं. संवाद उत्तम होते.

वाचकांशी जवळीक म्हणतात ती मला अशी दिसते. कार्यक्रमात टाळ्या वाजतात, फोटो निघतात, त्यातही आनंद आहेच. पण कुणीतरी तुमच्या पात्राविषयी तुमच्यापेक्षा जास्त हक्काने बोलतं, तेव्हा काम झालेलं असतं.

प्रतिकूल अभिप्रायांचा त्रास होतो का?

होतो. न होणारा लेखक मला अजून भेटायचाय. पहिल्या दिवशी उत्तर लिहून काढते, दुसऱ्या दिवशी फाडते. समीक्षकाला जाहीर उत्तर देऊन कुणाचीही कादंबरी आजवर चांगली झालेली नाही. मात्र एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर ती जागा पुढच्या लेखनासाठी टिपून ठेवते.

कादंबरी लिहून पोट भरतं का?

बहुतेकांचं नाही. मानधन विक्रीच्या प्रमाणात मिळतं आणि विक्रीचा हिशेब वर्षातून एखाद्या वेळी येतो. नोकरी सोडण्याआधी नीट विचार करा.

लेखनाविषयी घरच्यांचं काय मत आहे?

पहाटे दिवा लावल्यावर दार लावून घ्यावं.

माझं हस्तलिखित वाचून द्याल का?

नाही, आणि कारण फक्त वेळेचं नाही. अनोळखी लेखकाचं ‘चांगलं आहे’ तुमच्या उपयोगाचं नाही, आणि ‘वाईट आहे’ ऐकायला तुम्ही आलेला नसता. त्यापेक्षा तुमच्यासारखंच लिहू पाहणारी दोनतीन माणसं शोधा. महिन्यातून एकदा बसा, एकमेकांची पानं मोठ्याने वाचा. आपलं पान दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याइतकं कठोर संपादन कुठेही मिळत नाही. आणि अर्धवट सोडलेल्या तीन कादंबऱ्यांपेक्षा शेवटापर्यंत नेलेली एक वाईट कादंबरी जास्त शिकवते, कारण शेवट कसा जमत नाही हे शेवटाशी पोचल्याशिवाय कळत नाही.

शेवटच्या पानानंतर त्या दोघांचं काय झालं?

खरंच माहीत नाही. माहीत असतं तर आणखी एक प्रकरण लिहिलं असतं.

सध्या काय लिहिताय? पुढचं पुस्तक कधी?

लिहिते आहे. विषय सांगत नाही, त्याचं कारण गुप्तता नव्हे. गोष्ट चारजणांना तोंडी सांगितली, त्यांनी ‘वा’ म्हटलं की सांगायची भूक तिथेच भागते आणि पहाटे उठायचा उत्साह ओसरतो. कधी येणार, हे प्रकाशकालाही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारणं सोडलेलं नाही, तुम्हीही विचारत राहायला हरकत नाही.